थंड बाटली

समजा, तुमच्या हातात करंगळीएवढी काचेची कुपी आहे. कुपीत एक द्रावक आहे आणि त्यात तुम्ही मोजून थेंबभर पाणी घातलंय. दोन्ही बिनरंगी, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आता कुपी यंत्राच्या खाचेत बसवा आणि तिच्यावर लेसरचा हिरवा किरण सोडा. बहुतेक उजेड हिरवाच बाहेर पडतो, पण कणभर उजेड पाण्याला भेटून लाल होऊन येतो. यंत्र तेवढाच वेचतं आणि पडद्यावर रेघ काढतं. पाणी भरपूर असेल, तर रेणू एकमेकांना धरून बसतात आणि रेघेला ऐसपैस उंचवटा येतो. अगदी कमी असेल तर रेणू सुटे राहतात आणि रेघेवर दोन बारीक टोकं दिसतात. या तपासणीला रामन पद्धत म्हणतात.

दादाला हे त्याच्या धाकट्या बहिणीने शिकवलं. असं यंत्र असलेल्या एका प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं मदतनीस होता. काचसामान धुवायचं, बाटल्या लावायच्या, यंत्राची खोली उघडायची. आईवडील गेले तेव्हा बहीण नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजचे फॉर्म भरण्यापर्यंत सगळं त्यानेच निभावलं. ती त्याच प्रयोगशाळेत संशोधनाला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने त्याला दम भरला.

"दादा, इथे मला बाळ म्हणायचं नाही हं."

"मग काय म्हणू? मॅडम?"

"मॅडमच म्हण. घरी भांडी घासायची पाळी माझी असली तरी म्हण."

तिचा प्रश्न साधा होता. द्रावकात पाणी हळूहळू वाढवत नेलं, तर सुटे रेणू एकमेकांना नेमके कधी धरू लागतात? तीन वर्षं ती या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. उत्तर मिळालं तेही चकित करणारं. इतरांनी मानलं होतं त्याच्या कितीतरी आधी, थोड्याशाच पाण्यात, उंचवटा दिसायला लागत होता. तिचा लेख छापून आला. तिच्या मार्गदर्शक बाई येईल त्याला तो दाखवत होत्या. दादाने त्यातलं एक अक्षर न कळता लेख दोनदा वाचला.

तिची झोप होत नाही म्हणून दादा पहिल्यापासून सकाळी आठलाच यायचा. फ्रिजमधून द्रावकाची बाटली काढायची, उघडायची, कुप्या भरून झाकणं लावून ठेवायची. ती दहाला आली की फक्त पाणी घालायचं बाकी असायचं.

"किती लाड करशील रे?" ती म्हणायची.

"डॉक्टर झालीस की बंद करतो."

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. आम्हाला तुमचा उंचवटा सापडत नाही. बहिणीने दोन महिने सगळं पुन्हा केलं आणि तो पुन्हा सापडला. पण एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच आली. आदल्या संध्याकाळपासून टेबलावर राहिलेल्या नव्या, बंद बाटलीतून तिने स्वतः कुप्या भरल्या, आणि उंचवटा आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दादाने भरलेल्या कुप्या पाणी न घालताच तपासल्या. त्यांत पाणी होतं.

गार पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. थंड बाटली लगेच उघडली की हवेतला ओलावा आत शिरतो. बाटली फ्रिजबाहेर तासभर तशीच बंद ठेवायची आणि मगच उघडायची असते.

तिने लेख मागे घेतला. घरी येऊन म्हणाली, "आकडे चुकले रे, होतं असं." महिन्याभरात प्रयोगशाळाही सोडली. आता ती रंगाच्या कारखान्यात डब्यांची तपासणी करते.

तिचं कपाट रिकामं करायचं काम दादाकडेच आलं. आत सापडलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "बाटली तासभर बाहेर ठेवून मग उघडायची, हे मी मदतनिसाला सांगितलं नव्हतं. चूक माझी." दादा तिथेच स्टुलावर बसला. त्या दिवशी प्रयोगशाळेतली एकही कुपी धुतली गेली नाही.

त्याला एक दुपार अर्धवट आठवते. ती दारात उभी राहून बाटल्यांबद्दल घाईघाईने काहीतरी सांगत होती. डबा तसाच राहिला होता म्हणून तो तिच्यावर चिडला होता. "कळलं गं, कळलं. आधी जेव," असं म्हणून त्याने तिला पिटाळलं होतं. ती नेमकं काय सांगत होती, हे काही केल्या आठवत नाही.

ती दर रविवारी येते. त्याच्या शर्टाची बटणं लावते, कारखान्यातल्या साहेबाची नक्कल करून हसवते. त्याच्या केसांना नमुना म्हणून आणलेला रंग लावून बघू का, असं विचारते. तोही हसतो. ती जिना उतरायला लागली की तो कठड्यापर्यंत जातो, हाक मारायला तोंड उघडतो आणि "सावकाश जा" एवढंच म्हणतो.

विचारायचं असतं ते वेगळंच. बाळ, तू मला खरंच सांगितलं नव्हतंस, की सांगितलं होतंस?