सहाव्या सिलिंडरमधली गरम हवा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे नाहीत. बाबा गिरणीत होते. आम्हा बहिणींना एकच सांगायचे — कुणी काहीही म्हणू दे, स्वतः तपासून बघा. आता तर तपासणं हीच माझी नोकरी आहे. चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं वर्कशॉप. आग लागल्यावर धुरात शिरणारे लोक पाठीवर हवेचे सिलिंडर लावतात ना, ते आम्ही टेस्ट करतो.

गेल्या वर्षी करी रोडच्या एका टॉवरमधून सहा सिलिंडर आले. पाच नीट. सहाव्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि... शी! गटारात मेलेली घूस, वर खोबरेल तेल ओतलेली — असा वास.

"हवा भरताना कॉम्प्रेसरचं तेल आत गेलं असेल गं, धू तो!" आमचे मालक सावंतकाका नाक दाबून ओरडले.

धुतला. आत लाइट सोडून बघितलं — लख्ख, गंजाचा ठिपका नाही. पाणी भरून दाब दिला, टेस्ट पास. सुकवून आमची स्वच्छ हवा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क लावून श्वास घेतला.

सिलिंडरची हवा कायम गार लागते. ही गरम होती. दमट... आजारी, दात न घासलेल्या माणसाने माझ्या तोंडात उच्छ्वास सोडावा तशी. जिभेवर चव आली. मी मोरीकडे धावले, सकाळचे पोहे सगळे बाहेर.

तोच मास्क दुसऱ्या सिलिंडरला लावला. हवा गार, बिनवासाची.

"नाटकं पुरे. टेस्ट पास आहे, सिलिंडरवर तारखेचा पंच मार," काका म्हणाले.

"मी नाही मारणार. उद्या कुणीतरी आगीत हे तोंडाला लावेल, काका."

"आण इकडे!" त्यांनी स्वतः मास्क लावला. एकच श्वास. मग नळाखाली वाकले आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिले.

"काप तो," एवढंच म्हणाले.

कापला. दोन्ही अर्धे कोरडे, चकचकीत. वासाचा मागमूस नाही. मला मात्र आठवडाभर ब्रश तोंडात घातला की उमासे यायचे.

नापास दाखल्यावर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'आतून गंज'. एवढ्या वर्षांतली माझी ही एकच खोटी नोंद... आणि खरं काय लिहायला हवं होतं, ते मला आजही माहीत नाही.