दाजींचं रोमन सैन्य

अधिक महिन्यात जावयाला धोंडे खाऊ घालायला बोलावलं, तर त्यानं येताना काय आणावं? आमचे दाजी पुण्याहून शिरड शहापुराला आले ते रोमन सैन्य घेऊन! बैठकीतल्या टेबलावर त्यांनी षटकोनी घरं छापलेलं कापड अंथरलं आन् लढाईच्या खेळातले बोटाएवढे लाल-निळे शिपाई, घोडे, हत्ती मांडत बसले. टक्कल पडाय लागलेला माणूस. शिपायांना रंग स्वतः दिला म्हणून सांगत होते, आन् आमचे बाबा "वा! वा!" करून राहिले होते.

बाबांची लाचारी फुकटची नव्हती. ताईला पुण्यात एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आन् दाजी काही 'हो' म्हणत नव्हते. धोंडे खाऊन, आहेर घेऊन पाहुणे खूश झाले की विषय काढायचा, असं घरात ठरलं होतं.

म्हणून मग पाहुण्यांसंगं खेळायचं आन् हरायचं. जावयाला सासुरवाडीत कुणी हरवत असतं का? आधी बाबा हरले. मग हट्ट्याहून आलेले चुलते हरले. त्यांनी तर आपलेच हत्ती आपल्याच पायदळावर घातले. दाजी कायम लाल रोमचे सेनापती, निळं शत्रूसैन्य आमचं. फासे टाकायच्या आधी मूठ कपाळाला लावायचे आन् आमचा एकेक शिपाई आडवा पाडत आमाला युद्धशास्त्र शिकवायचे. घरातला बल्ब बदलता येत न्हाई या गड्याला!

माझी पाळी आली. माझं घोडदळ त्यांच्या डाव्या बाजूनं पार पाठीमागं पोचलं होतं, अजून एक चाल आन् खेळ खलास. तेवढ्यात बाबा खाकरले. मी मुकाट्यानं घोडे माघारी घेतले. असा संताप आला होता, वाटलं फासे खिडकीतून उकिरड्यावर भिरकावावेत.

जेवताना बाबांनी हळूच नोकरीचं काढलं. दाजींनी धोंडा तुपात बुडवला आन् हसले.

"काय आहे मामा, त्याला डोकं लागतं. आत्ता बघितलं ना? तुमच्या घरात कुणालाच पुढची चाल दिसत नाही. ही काय पोरांना गणित शिकवणार?"

ज्याची मर्जी राखायला आमी हरलो, त्यानं आमचं हरणंच आमच्या तोंडावर मारलं. वर तूप मागितलं.

ताई वाढत होती. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले आन् टेबलाशी जाऊन निळ्या सैन्याच्या बाजूला बसली. "या," म्हणाली.

दाजी हसतच आले. ते हसू फार टिकलं न्हाई. ताईनं मधली फळी मुद्दाम मागं सरकवली. रोमन गडी हुरळून आत घुसले, तसे तिनं दोन्हीकडून घोडे फिरवून मागची वाट बंद केली. सगळे लाल शिपाई मधोमध कोंडले.

बाबा खाकरले. परत खाकरले. शेवटी त्यांना राहवलं न्हाई.

"अगं बाई, जावई हायत!"

"तुमचे जावई हायत, बाबा," फासे उचलत ती म्हणाली. "माझा नवरा हाय."

शेवटचा लाल शिपाई तिनं बोटानं आडवा केला आन् दाजींकडं बघितलं.

"सोमवारपासून तुमचा डबा तुमी भरून घ्या."