दहा हजार फुटांखाली

विमान उतरताना दहा हजार फुटांवर आलं, की ते एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “दहा हजार. आता मी काका नाही.”

त्या उंचीखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, हा आम्हा वैमानिकांचा नियम. वर असताना मात्र आमच्या मराठीला खंड नसायचा! ते नागपूरचे, कॅप्टन, निवृत्तीला चार महिने उरलेले; मी त्यांना काका म्हणायचे. मी नाशिकची, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून चौतिसाव्या वर्षी नव्याने लागलेली को-पायलट. अख्ख्या मिनेसोटात माझ्या शेजारच्या सीटवर भरल्या वांग्यांवर बोलणारा माणूस बसावा, म्हणजे नशीबच की हो. गोष्टी तर अशा रंगवायचे! पण दहा हजार आले, की गोष्टीतला चोर भिंतीवर चढलेला असला तरी तिथेच लटकायचा. तो खाली उतरायचा गेटला विमान लागल्यावरच.

दुसरा त्यांचा हट्ट कामाच्या वाटणीचा. एकाने विमान उडवायचं, दुसऱ्याने बाकी सगळं बघायचं. ईडन प्रेरीला आमच्या घरी जेवायला आले तेव्हा नवरा आणि मी दोघंही लेकीचं प्रोजेक्ट बघत होतो. स्वयंपाकघरातून काका ओरडले, “बाप्पा! दूध कोणाकडे आहे?” तोवर ते उतू गेलेलं.

आणि अशा माणसाकडूनच एकदा चूक झाली.

आम्ही मिनियापोलिसला उतरत होतो. विमान ते उडवत होते. मागे एका प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं, केबिनमधून फोन आला, आणि माझ्या हातात जायला हवा होता तो फोन त्यांनीच घेतला. तेवढ्यात कंट्रोलरने सांगितलं, सहा हजारांपर्यंत उतरू नका, नऊ हजारांवर थांबा. मी रेडिओवर उत्तर दिलं. त्यांचं लक्ष फोनमध्ये. विमानाला उतरायला लावून दिलेल्या आकड्यात अजून सहा हजारच.

विमान दहा हजारांच्या खाली गेलं. आज बोटही वर झालं नाही.

“काका...” मी म्हणाले. त्यांनी तळहात दाखवला. थांब.

आणि मी थांबले! मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. नऊ हजार सातशे. नऊ हजार पाचशे. मग मात्र मी ओरडलेच, “आय हॅव कंट्रोल!”

त्यांनी तत्क्षणी हात काढले. “यू हॅव कंट्रोल.” नऊ हजारांवर विमान स्थिरावलं. थोड्या वेळाने ढगांच्या फटीतून खाली दुसरं विमान आडवं गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलं.

प्रवाशाला ॲम्ब्युलन्सने वेळेत नेलं. क्रू रूममध्ये ते सरळ कॉम्प्युटरपाशी बसले आणि स्वतःच्या चुकीचा रिपोर्ट लिहायला लागले.

“राहू द्या ना काका. चार महिने राहिलेत. झालं तर काहीच नाही.”

“झालं नाही म्हणूनच लिहायचं. नाहीतर उद्या दुसरा कोणी फोन घेईल.” मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “तू आधी ‘काका’ म्हणालीस. काकाला गप्प करता येतं. कॅप्टन म्हणून ओरडली असतीस, तर मी हात दाखवला नसता. पुढचा कॅप्टन माझ्यासारखा हात काढेलच असं नाही. तरी ओरडायचं.”

मला रडू कोसळलं. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘मी तिला गप्प केलं, तरी तिने विमान वाचवलं.’

आता ते क्युपर्टिनोला लेकीकडे असतात. त्यांच्या जागी परवा एक धिप्पाड, घुम्या कॅप्टन होता. उतरताना कंट्रोलरने सांगितलं तिथे वळायला तो विसरला. मी पहिल्याच क्षणी, पूर्ण आवाजात सांगितलं. त्याने मान वळवून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी पुन्हा सांगितलं, आणि तो वळला. गेटला लागल्यावर “थँक्स” म्हणाला.

संध्याकाळी काकांना फोन करून हे सांगितलं. पलीकडून जोरात नाक शिंकरल्याचा आवाज.

“सर्दी झालीय गं जरा,” ते म्हणाले.

क्युपर्टिनोत, जूनच्या भर उन्हाळ्यात!