गोजाबाईच्या चौकशा

कुरुळीत शाळकरी पोरांनी एक बातमी उठवली होती. गोजाबाई म्हणे पोरांचे मोबाईल काढून घेते आणि म्हशीच्या हौदात बुडवते. बुडवायच्या आधी वर हळद-कुंकूही वाहते.

खरं एवढंच, की हौदात एकदा मोबाईल पडला होता. पण तो तिचाच. मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून जावेशी बोलायची तिला खोड. दुसऱ्याच्या मोबाईलला तिने कधी बोटही लावलं नाही.

तिला हवी असायची माहिती. तिच्या खोल्यांत कंपनीतली माणसं भाड्याने राहतात. आईबाप शिफ्टला गेले की किल्ली गोजाबाईकडे, आणि शाळेतून आलेली पोरं मोबाईल घेऊन तिच्याच ओट्यावर. बाजारातून आलेल्याला विचारावं तसं ती विचारायची, "आज कोन भेटलं रं त्या डबड्यात?" कुणी नाव सांगितलं की झालं सुरू. "कंच्या गावचा? मामा कोन त्याचा? घरी कोन कोन असतंय?" पोरं हसायची, पण मोबाईलवरच्या खेळातल्या भिडूला विचारून सांगायचीही. नागपूरच्या एका भिडूच्या घरी परवा पाहुणे आले नि वरण कमी पडलं, इथपर्यंत गोजाबाईला ठाऊक.

सातवीतली दिव्या मात्र एकाएकी ओट्यावर थांबेना. किल्ली घ्यायची नि पळायची. एका संध्याकाळी गोजाबाईने किल्ली पुढे केली, पण सोडली नाही.

"दिव्ये, तुझी ती डबड्यातली वाकडची मैत्रीण. तिच्या आईचं नाव इचारायचं ऱ्हायलं की."

दिव्याचा चेहरा पडला. "आजी, ती मुलगीच नाहीये."

मग सगळं बाहेर आलं. मैत्रिणीने गोड बोलून फोटो मागितला, दिव्याने गणवेशातला पाठवला. आता तिकडचा माणूस आणखी फोटो मागत होता. नाहीतर हाच फोटो घाणेरडा करून पप्पांना पाठवीन म्हणत होता.

"पप्पांना कळलं तर मोबाईल तर जाईलच, शाळापण बंद करतील."

"तुला कशापायी भ्या? चूक त्या मुडद्याची हाय. काय बी पुसू नगंस. त्यानं लिवल्यालं समदं तसंच ऱ्हाऊ दे, आन त्याला आता एक अक्षर धाडू नगंस."

"पण आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं काय कळलं? इतक्या दिसांत तुला तिच्या घरचं एक मानूस सांगता येईना, म्हनून इचारलं."

दिव्याचे वडील रणजीतकाका बीडकडचे, रागाला तिखट. मी गोजाबाईची नात, तिथेच ओट्यावर बसलेली; येता-जाता तिच्या बोलण्याची नक्कल करणारी. मी तिच्या कानात म्हटलं, "काका मोबाईल फोडणार. पैज."

"न्हाई फोडत. तू हरलीस तर म्हैनाभर माझी नक्कल बंद."

मी हसून टाळी दिली.

काका शिफ्टवरून आले. गोजाबाईने स्वतः काही सांगितलं नाही. दिव्याला सांगायला लावलं आणि तिला खेटून बसली. काकांनी मोबाईल हिसकला. वाचता वाचता त्यांचा जबडा आवळत गेला.

"मला कामून सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मोबाईल घेतला असता, शाळापण बंद केली असती."

मोबाईल धरलेला काकांचा हात वर गेला. मी मनात जिंकलेसुद्धा.

"रणजीतराव," गोजाबाई म्हणाली, "लेकरू आज सांगायला आलंय. आज मोबाईल फोडलात, तर पुढच्या बारीला कुनाकडं जाईल?"

वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

"मावशी, पोलिसांना हे दाखवावं लागंल ना?"

"व्हय. म्या येते संगं."

काकांनी मोबाईल दिव्याच्या हातात परत दिला. "तूच धर. साहेबांना तूच दाखव, मी शेजारी बसतो. आन शाळा कुठं बंद व्हायली? उद्या जायचंय."

दिव्याने बापाचा हात घट्ट धरला. पदर खोचून पायऱ्या उतरता उतरता गोजाबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.