भिंतीवरची कागदाची पट्टी

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या खोलीची मागची भिंत तडकायची. गिरणी बंद पडल्यावर बाबा वॉचमन झाले, आणि आम्हाला परवडली ती हीच खोली. दरवर्षी ते तडा सिमेंटने बुजवायचे आणि वर खळीने वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायचे. पट्टी शाबूत असली तर भिंत गप्प आहे. फाटली तर रात्री देवळात झोपायला जायचं. सकाळी त्यांचा पहिला प्रश्न तोच, "कागद फाटलो काय गो?"

घरातली पहिली पदवी माझी, भूशास्त्रातली. त्याच्या जोरावर अंधेरीत तेलविहिरींचा अभ्यास करणाऱ्या ऑफिसात लागले, पण कच्ची. नोकरी पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे खोली मिळेना. तेवढ्यात बाबा गेले. दिवसभर आई त्या भिंतीपाशी एकटी.

पक्की व्हायचं ते एका विहिरीच्या अहवालावर. विहिरीत यंत्र सोडून खडकाच्या ज्या नोंदी घेतात, त्यांना लॉग म्हणतात. त्यावरून जमिनीखालचा दाब आणि तिथला प्रस्तरभंग, म्हणजे ज्या तड्यावर खडक सरकतो तो, कसा सरकणारा, ते सांगायचं होतं. लॉगमध्ये विहिरीचं भोक लांबट झालेलं दिसत होतं. माझ्या मते दाबाने भिंती ढासळल्या होत्या. जिकडे ढासळतात, त्याच्या काटकोनात सगळ्यात जास्त आडवा दाब.

ऑफिसातल्या माझ्या सरांना पटलं नाही. "अगं, विहीर तिरकी आहे, पाइप घासून भोक रुंद झालं असेल. जुन्या नकाशात आहे ना, एक बाजू खाली घसरलेली? तेच लिही आणि पक्की हो."

"सर, पाइप एकाच बाजूला घासतो. हे समोरासमोर दोन्हीकडे ढासळलंय. आणि वर विहीर सरळ आहे, तिथेपण."

"तुला पक्कं व्हायची घाई दिसत नाही," सर हसले.

घाई होती. तरी मी बसून सगळं पुन्हा मांडलं. घनतेच्या लॉगवरून वरच्या खडकाचं ओझं, खडकाला चीर पाडून बघायच्या चाचणीवरून कमी आडवा दाब, आणि ढासळलेल्या भागाची रुंदी व खडकाची ताकद धरून जास्त आडवा दाब. ओझं दोन्ही आडव्या दाबांच्या मधे येत होतं; खाली घसरायला ते सगळ्यात जास्त लागतं. म्हणजे प्रस्तरभंग खाली घसरणारा नव्हता, आडवा सरकणारा होता. तसंच लिहून दिलं. सरांनी अहवाल बाजूला ठेवला, शेजारच्या विहिरीचे लॉग येईपर्यंत.

ते येईपर्यंत पट्टी फाटली. छापील ओळ मधोमध तुटून अर्धी खाली आली होती. आमच्या घरात मात्र जुन्या नकाशातलाच प्रकार, एक बाजू खाली घसरलेली. आईने अंथरूण गुंडाळलं. आम्ही देवळात जाऊन झोपलो. सकाळी विचारायला कुणी नव्हतं.

शेजारच्या विहिरीच्या भिंतीही त्याच बाजूंना ढासळलेल्या निघाल्या, दाबांचा क्रमही तोच. सरांनी एक शब्द न बदलता अहवाल वर पाठवला.

मी पक्की झाले. मुलुंडला सपाट जमिनीवर खोली घेतली, आई तिथे माझ्याबरोबर राहते. अहवालावर माझं पूर्ण नाव आहे, मधे बाबांचं.