न दाबलेला पाय

आधी माफी मागते. माझ्या वेलांट्या चुकतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीत शाळा सुटली, पुन्हा लिहायचा प्रसंग फारसा आला नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण कधी कोणी उघडलीच तर समजून घ्यावे.

तरी या चौथीनेच मला मान दिला. सक्करदऱ्याला आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात दायांना शिकवायला घेतले, तेव्हा आम्ही आठजणी होतो. बाकीच्या अंगठा लावायच्या, मी एकटी सही करायची. बाळंतपणे आम्ही सगळ्याच करत होतो, पण पोटुशी बाई तपासायची कशी हे कोणाला ठाऊक नव्हते. सिस्टरबाईंनी ते शिकवले. हात चोळून गरम करायचे, मग पोटावर ठेवायचे. डोके कवठासारखे टणक लागते, दोन हातांत हलवले तर हलते. लाकडी नळीने बाळाचे ठोके ऐकताना आईची नाडी दुसऱ्या हातात धरायची, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे समजून बसतो. खालची पापणी ओढून रक्त पाहायचे. आणि पाय. नडगीच्या हाडावर अंगठा दाबायचा, दहा आकडे मोजायचे, उचलायचा. खड्डा राहिला तर अंगावर सूज आहे, पुढे झटके येऊ शकतात, म्हणून त्याच दिवशी बाईला दवाखान्यात आणायचे. दवाखान्यातल्या एका बाईच्या पायावर मी दाबून पाहिले. मळलेल्या कणकेत बोट रुतावे तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी घाबरले, तशा सिस्टरबाई म्हणाल्या, घाबर, पण हात मागे घेऊ नको.

प्रत्येक बाईचे एक कार्ड असायचे. त्यावर डोळा, पोट, पाय अशी चित्रे. ठीक असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. हाताने पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, एवढीच ताकीद होती. कार्डामागे दोन रुपये मिळायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सासू-सून राहत. मुलगा कोराडीला वीज केंद्रात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सुनेला आठवा महिना होता. मी कार्ड घेऊन गेले. अंगणात तीन-चार बायका चिंच फोडत बसल्या होत्या. पोट पाहिले, ठोके ऐकले, पापणी पाहिली. मग पायाजवळ बसून मी तिच्या नडगीकडे हात नेला. तिने झटकन पाय साडीखाली ओढले.

"मावशी, नका लावू हात. मले पाप लागते."

मी तिच्या आईच्या वयाची. वडील बाईने धाकटीच्या पायाला हात लावायचा नाही, हे तिला शिकवलेले आणि मलाही. तेवढ्यात सासू चिंचा बाजूला सारत म्हणाली,

"काय वं, माह्या सुनेच्या पाया पडून राहिली का?"

बायका हसल्या. मी जन्माची लाजरी. चारजणींनी माझ्याकडे पाहिले की माझी जीभ उचलत नाही. मी हात मागे घेतला. सुनेच्या पायांत जोडवी नव्हती. सासूनेच सांगितले, घट्ट झाली म्हणून साबण लावून काढली. ते मी ऐकले. त्याचा अर्थ मला कळत होता. तरी ओट्यावर कार्ड ठेवून पायाच्या चित्राखाली बरोबरची खूण केली आणि घरी आले.

आठ दिवसांनी दुपारी तिला झटके आले. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेले. ती वाचली, बाळ गेले. बाहेरून औषधे आणावी लागली, त्यासाठी तिची गळ्यातली पोत दीडशे रुपयांना गहाण पडली. सिस्टरबाईंनी कार्ड पाहिले आणि सासूला समजावले की आठ दिवसांतही सूज चढते, दाईने तर नीट पाहिले होते. मी शेजारीच उभी होते.

महिन्याभराने मी दहा रुपये घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दुसरे खोटे बोलले. बाळ गेलेल्या बाईला दवाखान्यातून मिळतात म्हणाले. सासूने नोट कपाळाला लावली. माझ्यासारखी दाई सगळ्यांना मिळो, असे गल्लीभर सांगत सुटली. जमेल तसे मी दहा दहा नेत राहिले, पहिली धरून चौदा वेळा. दर वेळी चहा व्हायचा, दर वेळी माझे कौतुक.

पंधराव्या वेळी सून एकटी होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. मी नोट ओट्यावर ठेवली. तिने उचलली नाही.

"सिस्टरबाईले विचारलं मी. दवाखान्यात असे पैसे भेटत नाही म्हणे. काहून देऊन राहिल्या तुम्ही?"

मी खाली बघून सांगितले. "त्या दिवशी तुह्या पायाले मी हातच नाही लावला. अन् कार्डावर खूण केली."

ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मला वाटले रडेल, शिव्या देईल. मी विचारले, आता पाय पाहू का.

"सिस्टरबाईनं पाह्यले काल," ती म्हणाली.

मी उठले. तिने सूप बाजूला ठेवले, ओट्यावरची नोट घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"हे शेवटचे ना?"

"हो. दीडशे झाले."

"उद्या पोत सोडवाले जावं लागन," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतले. त्या दिवशी चहा झाला नाही. पैसे पुरे फिटले.