काजळीवरच्या खुणा

मेणबत्तीवर कोरी चावी धरली, काजळीचा वास आला आणि मी थेट देवपुरातल्या कॉलेजच्या फाटकाशी पोचले. तेव्हा मी नानांकडे गाड्यांच्या चाव्या बनवायला शिकत होते. एका मुलीची स्कूटीची चावी हरवलेली, हॉलतिकीट डिकीत आणि पेपरला दहा मिनिटं. ती रडत होती. उरलेली एकच कोरी चावी नानांनी काळी करून कुलपात फिरवली आणि मलाच दिली. काजळी पुसली गेली असेल तिथेच कानस चालवायची. जास्त घासलं की चावी वाया.

"नाना, तुम्हीच करा ना!"

"तूच कर वं बेटी. मी शे ना आठे."

खुणा बघत बघत घासलं. डिकी उघडली. नानांनी परीक्षा घेतली, असंच वाटलं होतं.

आज चष्मा पुसूनही मला खुणा दिसेनात. चावी लेकीला देत म्हणाले, "तूच कर. मी आहे ना इथे."